ओटा खाली घेतलेलं घर

ऋता टेंबे गेलेल्या माणसांची चित्रं काढते. सियालदह स्टेशनच्या मागच्या गल्लीत निमाईदांचं फोटोफ्रेमचं दुकान आहे. त्याच्या पोटमाळ्यावर तिचे रंग, तिचं इझल आणि उत्तरेकडे उघडणारी एक खिडकी. घरातलं कुणी गेलं की श्राद्धाच्या आत लोकांना तसबीर हवी असते, पांढऱ्या चादरीवर ठेवून निशिगंधाचा हार घालायला. ते खाली येतात आणि मोबाइल पुढे करतात. फोटो बहुतेक वेळा कुणाच्या तरी लग्नातला असतो. आजोबांच्या खांद्यावर भलत्याच माणसाचा हात, चष्म्याच्या काचेत मांडवातला दिवा. मोठा करायला जावं तर चेहऱ्याचे चौकोन होतात. मग निमाईदा ऋताला खाली बोलावतात.

ऋता फोटो बघते आणि घरच्यांना एकच प्रश्न विचारते.

"त्यांना एखादी गोष्ट नको असली की ते कुठं बघायचे?"

लोक आधी बावरतात. मग कुणीतरी, सुतकात असूनही, हसतं. "बाबा ना? बाबा पंख्याकडे बघायचे. विचारलं की पंख्याकडे. आम्ही समजून जायचो." दुसरा म्हणतो, "छे, पंख्याकडे नंतर. आधी नखं बघायचे." आणि त्या भांडणात ऋताला तिचा माणूस सापडतो. हो म्हणताना सगळी माणसं साधारण एकसारखीच दिसतात, हे तिला कामातून कळलं होतं. नाही म्हणताना मात्र ज्याची त्याची तऱ्हा. ती काही कुणाला पंख्याकडे बघताना रंगवत नाही, पण ते कळलं की पापणीचं वजन बरोबर येतं, ओठाचा कोपरा बरोबर बसतो. चित्र न्यायला आलेली माणसं समोर आली की आपसूक चपला काढतात.

तिचे वडील, विनायक टेंबे, बँकेच्या बदलीवर कोलकात्याला आले आणि मुलांच्या शाळा बदलायला नकोत म्हणून राहिले. राहिले ते कायमचेच. थोरला सुश्रुत इंजिनिअरिंगला पुण्याला जाऊन परत आला, न्यू टाउनमध्ये कंपनीत लागला. ऋता आर्ट कॉलेजला गेली. बाबा गेले, तेव्हा ती जाहिरातींच्या एका ऑफिसात दुसऱ्यांनी सुचवलेल्या आंब्यांना पिवळा रंग देत होती. भाड्याचं घर सोडावं लागलं. ऋता आणि तिची आई विजयाताई, दोघी सुश्रुतच्या फ्लॅटवर राहायला गेल्या.

तिथं कुणी वाईट वागलं असं नाही. मुग्धावहिनी स्वभावानं सरळ होती. पण ऋताच्या रंगांचा वास सुश्रुतच्या छोट्या मुलीला सोसेना, इझल बाल्कनीत गेलं, मग कपड्यांच्या दोरीखाली गेलं. एका संध्याकाळी त्याच बाल्कनीत आई शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "इथं सगळं आहे गं. पण भांडं हातातून पडलं तरी दचकायला होतं."

ऋता म्हणाली, "आई, आपण दोघी वेगळ्या राहू या."

"राहू या की," आई म्हणाली. "तुझं एकदा नीट मार्गी लागू दे. मग मी तुझ्याकडेच."

तेवढ्यावर ऋतानं पुढची वर्षं काढली.

नोकरी सोडली ती स्वतःची चित्रं काढायला. तिच्या मनात मोठे कॅनव्हास होते, हुगळीवरच्या गाळाचे, सगळे करडे आणि तांबूस. त्यातले दोन झाले. एक विकलं गेलं, त्याचे पैसे अजून यायचे आहेत. मग न्यू टाउन सोडून ती निमाईदांच्या पोटमाळ्यावर राहायला गेली, फोटो दुरुस्त करायचं काम धरलं, त्यातून पहिली तसबीर, त्यातून दुसरी. सुरुवातीला ती पैसे मागायचीच नाही. समोरच्याच्या डोळ्यांत पाणी असताना तोंड कसं उघडायचं? देतील ते घ्यायची, आणि पुष्कळजण विसरूनही जायचे.

शेवटी निमाईदाच वैतागले. "दिदी, भटजी दक्षिणा आधी ठरवतो. केटरर आगाऊ घेतो. फुलवाला तर माझ्या चुलत्याच्या वेळी रडता रडता पैसे मोजून घेऊन गेला. सगळ्या श्राद्धात उधारीवर काय ते तुझं चित्र?"

"मला जमत नाही हो."

"मग मी बोलतो. तू फक्त तोंड गंभीर ठेव. तेवढं तुला जमतं."

त्यानंतर निम्मे पैसे आधी, हा नियम झाला. महिना चांगला गेला की थोडे बाजूला, कामं नसलेल्या महिन्यासाठी. हुगळीच्या गाळाचे कॅनव्हास पोटमाळ्याच्या भिंतीला तोंड करून उभे राहिले. कॉलेजातले मित्र भेटले की विचारायचे, "अजून मेलेल्यांवरच जगतेस?" ती म्हणायची, "ते निदान काम परत करायला येत नाहीत." आणि हसायची. आतून तिला ते हसू लागायचं नाही, असं नाही. पण हे सगळं कशासाठी आहे ते तिला ठाऊक होतं. एखाद्या रविवारी न्यू टाउनला गेली की ती आईला सांगायची, आई, या महिन्यात एवढी कामं झाली. आई म्हणायची, छान. नीट बसू दे हो तुझं.

गेल्या वर्षी तिनं बेलेघाट्याला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, आपल्या एकटीच्या नावावर. पहिलाच मजला, जिना थोडकाच, आईच्या गुडघ्यांसाठी. सकाळचं ऊन येणारा एक कोपरा, देवांसाठी. आणि घरमालकाला पटवून तिनं स्वयंपाकघराचा ओटा तोडून चार बोटं खाली घेतला. आई बुटकी. सुश्रुतच्या देखण्या स्वयंपाकघरात ती पाटावर उभी राहून पोळ्या लाटायची. ऋता बाबांच्या वळणावर गेलेली, उंच. तिला त्या ओट्यावर कमरेत वाकावं लागणार होतं. गवंड्यानं दोनदा विचारलं, नक्की ना? ती म्हणाली, नक्की. इथं लाटणारी मी नाही.

आईला तिनं काहीच सांगितलं नाही. सगळं लावून झालं की दाखवायचं, असं ठरवलं होतं. त्यात सुश्रुतचा फोन आला. त्याची पुण्याला बदली झाली होती. मुलीची शाळा सुरू व्हायच्या आत निघायचं होतं. "आईचं तिकीट आमच्याबरोबरच काढतोय," तो म्हणाला.

"थांब, दादा. आई माझ्याकडे राहणार आहे."

"आईशी बोललीस?" त्यानं विचारलं.

"कधीचंच ठरलंय आमचं."

"ऋता," तो म्हणाला, आणि मग नुसतंच, "बरं. बोल तिच्याशी."

त्याच्या आवाजात काहीतरी होतं ते तिला नंतर आठवलं. तेव्हा तिला वाटलं, त्याला राग आला.

शनिवारी ती आईला टॅक्सीनं बेलेघाट्याला घेऊन आली. कुलूप उघडलं, आईच्या हातात किल्ली दिली, आणि लहान मुलीसारखी बाजूला उभी राहिली. आई घरभर फिरली. देवांच्या कोपऱ्यात क्षणभर थांबली. बाहेरच्या खोलीत एका म्हाताऱ्या मास्तरांची तसबीर वाळत उभी होती, तिच्यासमोर आल्यावर तिनं पाहुण्यांसमोर घ्यावा तसा पदर खांद्यावरून घेतला. मग स्वयंपाकघरात गेली. ओट्याजवळ उभी राहिली. दोन्ही तळवे ओट्यावर टेकले, ते कोपरात जरासे वाकून बरोबर बसले. आई तिथं बराच वेळ तशीच उभी होती.

"हा खाली आहे," ती म्हणाली.

"तुझ्यासाठी घेतला. पाट नको आता."

आई बाहेर येऊन खुर्चीवर बसली. "हे सगळे गेलेले लोक घरात असतात का गं तुझ्या?"

"नाही, हे एकच. आजच नेणार आहेत. काम सगळं दुकानात. इथं रंगाची बाटलीसुद्धा येणार नाही."

"तू दिवसभर तिकडं."

"जेवायला येईन ना दुपारी. ट्रामसुद्धा लागत नाही, चालत येता येतं."

"रात्रीबेरात्री काही झालं तर?"

"कोपऱ्यावर डॉक्टर आहेत. खाली घरमालकीण आहे, तिला तुझ्यासारखीच माणसं आवडतात, म्हणजे तिचं ऐकून घेणारी."

आई हसली. ऋतालाही बरं वाटलं. एकेक शंका ती निस्तरत होती, अगदी गवंड्याशी बोलावं तशी, आणि प्रत्येक शंकेला तिच्याकडे उत्तर होतं. उत्तरं तिनं वर्षानुवर्षं जमवली होती. शेवटी आईजवळच्या शंका संपल्या. ती म्हणाली, "बघू या. तुझं एकदा नीट मार्गी लागू दे."

"आई, लागलंय," ऋता म्हणाली. "हेच ते. आणखी काय राहिलं?"

आईनं चष्मा काढला. पदराचं टोक घेतलं आणि काच पुसायला लागली. सावकाश, आधी डावी, मग उजवी. चष्म्याशिवाय तिला समोरचं माणूस नीट दिसत नसे, नुसता आकार दिसे.

ऋता बघत राहिली. बाल्कनीतली ती संध्याकाळ तिला आठवली. तेव्हाही आई चष्मा पुसत होती. आणि न्यू टाउनच्या रविवारी, नीट बसू दे म्हणताना. आणि त्याच्या आधी, बाबांनी गावी जाऊ या म्हटलं तेव्हा. शाळेच्या सहलीला पैसे मागितले तेव्हा. आयुष्यभर ती डोळ्यांवरून चष्मा उतरवून, समोरच्याचा चेहरा पुसट करून घेऊन नाही म्हणत आली होती. त्या माणसाला दुखावलेलं बघायला नको म्हणून. अनोळखी माणसांच्या घराघरांत ऋतानं जे विचारलं होतं, ते या एका घरी विचारायचं राहिलं होतं.

"तुला यायचंच नाहीये," ती म्हणाली.

आईचा हात थांबला नाही. "तसं नाही गं."

"आई, चष्मा लाव."

आईनं लावला नाही. मांडीवर ठेवला. "मला वाटलं, तुला कळलंय. सुश्रुतला कळलं होतं. तुला वाईट वाटू नये म्हणून म्हणायचे मी. चार नातेवाइकांत वाढली असतीस तर आपसूक कळलं असतं. इथं तुला घरची आम्ही सोडून मराठी कोण होतं."

"पण तू म्हणाली होतीस तिथं दचकायला होतं."

"होतंच. पण तिथं मी आजी आहे. भांडं पडलं तर कुणीतरी ओरडतं, मग कुणीतरी हसतं. इथं तू दुपारी धावत जेवायला येशील, माझं औषध बघशील, आणि मी दिवसभर तुझी वाट बघीन. तुझ्यावर ओझं होऊन. तेही मुलीच्या घरी." ती थांबली. "तुझ्या बाबांनाही आवडलं नसतं."

"मग सरळ सांगायचं होतंस. मी एवढं..."

"मला काय ठाऊक," आई म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "चित्रं काढून कुणाचं असं बसतं, बाळा? मला वाटलं, तो दिवस यायचाच नाही. म्हणून तर म्हणत होते."

खाली रस्त्यावर कुणीतरी गॅसच्या सिलिंडरला आडवं करून लोटत नेत होतं, त्याचा खडखडाट लांब जाईपर्यंत दोघी ऐकत राहिल्या. मग ऋता उठली, चहा टाकायला गेली. ओट्यापाशी वाकून उभी राहिली. साखर घालायची राहिली, आई तसाच प्यायली.

निघताना तिनं किल्ली ऋताच्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटवून दिली.

ती सगळी पुण्याला गेली. निमाईदांना ते ठाऊक नव्हतं. एकदा म्हणाले, "तुझ्या मां आल्या की माझ्या बायकोला त्यांच्याकडून पुरणपोळी शिकायचीय." ऋता म्हणाली, "पुण्याला जावं लागेल वहिनींना." त्यांनी मान हलवली आणि फ्रेमची काच पुसायला घेतली, आणि तिला तिकडं बघवेना.

काम चालूच राहिलं. हाताला सवय आहे, भाडं वेळेवर जातं, कुणापुढे हात पसरावा लागत नाही. घरमालकानं दोनदा सुचवलं, गवंडी आलाय, ओटा वर उचलून घ्यायचा का? ती म्हणते, बघू. रात्री पोळ्या करून झाल्या की कमर धरते. मग ती थोडा वेळ सरळ उभी राहते, भिंतीला पाठ लावून.

आई रविवारी व्हिडिओवर दिसते. पलीकडे नातीचा गोंगाट असतो, मुग्धावहिनी मध्येच हात हलवून जाते. गेल्या रविवारी आईनं विचारलं, "ओटा वर करून घेतलास का? पाठ जाईल तुझी."

"करीन. तू एकदा ये ना. चार दिवस. त्यावर पोळ्या कर, मग तोडते."

"येईन की," आई म्हणाली. "थंडी जरा कमी होऊ दे. गुडघे बरे असले की येतेच."

आणि आईचा हात चष्म्याकडे गेला.

ऋतानं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि स्वतः उठून खिडकीपाशी गेली. बाहेर दिवेलागण झाली होती. समोरच्या गच्चीवर एक बाई वाळलेले कपडे काढत होती. आईचं पुसून व्हायला पुरेसा वेळ गेला, तेव्हा ती परत आली.

"ये हो," ती म्हणाली. "मी वाट बघते."