मामलेदाराचा घास

दुपारचं ऊन चटईवर आलंय आणि मी नुसती पाठ टेकलीय. झोपायचं नाहीये. चार वाजता कोपऱ्यावरच्या देवळात बाहुल्यांना निरोप द्यायची पूजा आहे. लोक जुन्या बाहुल्या, कापडी प्राणी घेऊन येतात, पुजारी मंत्र म्हणतात, त्यांचे आभार मानतात आणि अग्नी देतात. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावरच आहे. जपानी माणसं आणि त्यांची खेळणी यांचा मी ओसाकात राहून अभ्यास करते. मिरजेत हे सांगायची सोय नाही. आई शेजारणींना "कॉम्प्युटरचं काहीतरी" म्हणून मोकळी होते.

उशाशी मामलेदार बसलाय. ढेरपोट्या कापडी प्राणी, कोल्हा की मांजर देवालाच ठाऊक. माझा धाकटा भाऊ निनाद इथं आला होता, तेव्हा काचेच्या पेटीतल्या लोखंडी पंजानं खेळणं उचलायचं असतं ना, त्या यंत्रात त्यानं हा जिंकला. पोट बघून नाव ठेवलं. जाताना म्हणाला, "ठेव. लक्ष ठेवेल तुझ्यावर." गेल्या श्रावणात अंकलीच्या पुलाजवळ त्याच्या मोटरसायकलला ट्रकनं उडवलं. त्याला अग्नी दिलेला मी फोनवर बघितला. चित्र मध्येच अडकलं, मी फोन चार्जिंगला लावला. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. तिथल्या अग्नीला मी नव्हते, म्हणून आज मामलेदाराला इथल्या अग्नीत द्यायचं ठरवलंय. तेव्हा तरी आत काही हलेल.

मामलेदारापुढे ओनिगिरी ठेवलीय, म्हणजे मिठाचा हात लावून वळलेला भाताचा गोळा. इथं पुष्कळ लोक आपला कापडी प्राणी हॉटेलात नेतात, त्याच्यापुढे ताट ठेवून फोटो काढतात आणि मग आपण जेवतात. बँकेत काम करणाऱ्या मोरिता-सान, म्हणजे मोरिताबाई, कापडी ससा घेऊन फिरतात, त्यांनीच मला हे शिकवलं. मी फोटो नेमानं काढते. खात मात्र नाही, तोंडाला चवच नाही. फोटो झाला की गोळा कचऱ्यात.

ऊन पापण्यांवर येतं. कुणीतरी काचेवर टकटक करतं.

खेळण्यांचं दुकान. निनाद यंत्रापाशी उभा आहे, डोक्यावर हेल्मेट.

"ताई, एक नाणं दे की."

"तू गेलास ना रे?"

"गेलोय की. नाणं दे."

"आणि इथं हेल्मेट कशाला?"

"तेव्हा नव्हतं घातलं," तो म्हणतो. "आई ओरडते."

मी नाणं देते. पंजा खाली येतो, भाताचा गोळा उचलतो. खालचं झाकण उघडते तर हाताला पाणी लागतं. कृष्णेचा घाट. बाबा आणि गुरुजी पाठमोरे उभे, पायरीवर पिंड ठेवलेला. निनादच्या दहाव्याला कावळा शिवला नव्हता. आईला सांभाळू, ताईचं शिक्षण पुरं करू, सगळ्यांनी हात जोडून सांगून पाहिलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून आई एकच विचारते, पोराचं काय राहिलं असेल?

"काय राहिलं होतं रे तुझं?"

"मी सांगतच होतो. ऐकतंय कोण? जो तो आपलंच बोलत होता."

बाबा वळून बघत नाहीत. पायरी रुंद होते, तिच्यावर टेबलक्लॉथ येतो. समोर मोरिता-सान, मांडीवर ससा. मामलेदारापुढे पिंड आहे.

"फोटो झाला," मोरिता-सान चक्क आमच्या मिरजेच्या बोलीत म्हणतात. "खावा आता."

मी सवयीनं गोळा कागदात गुंडाळायला घेते. निनाद माझं मनगट धरतो. हात गार नाही, गरमही नाही.

"टाकतेस काय? नैवेद्य दाखवून कोण फेकतं गं? एवढी शिकलीस आणि अर्धीच पद्धत शिकलीस होय?"

"चव लागत नाही मला."

"चवीचं कुणी विचारलंय? जेव. तेवढंच राहिलंय माझं."

मी मामलेदाराकडे बघते. "आणि याला देऊ ना अग्नी? तुझ्या वेळी मी नव्हते."

"माझं झालंय एकदा, ताई." तो रागावत नाही. "किती वेळा जाळशील?"

तो हेल्मेट काढतो. केस चप्प बसलेत, लहानपणी आई तेल थापायची तसे. मला आता काहीतरी वाटायला हवं. मी आत शोधते. काही सापडत नाही. तो गोळा माझ्याकडे सरकवतो.

घंटा वाजते.

देवळाची घंटा आहे. चार वाजून गेलेत, खिडकीतून धुराचा वास येतोय. पूजा सुरू झालीय आणि मी अजून चटईवरच. तोंड खारट झालंय. मामलेदारापुढच्या गोळ्याचा चांगला मोठा लचका तोडलेला आहे. मीच तोडला असणार, खोलीत दुसरं आहे कोण? पण मामलेदाराच्या नाकावर एक शीत चिकटलंय, अजून ओलं.

ते काढून मी तोंडात टाकते. मग गोळा हातात घेते.

फोन वाजतो. आई. रोजचाच प्रश्न.

"जेवलीस का गं?"

"जेवतेय," मी भरल्या तोंडानं म्हणते. "आणि आई, शिवला बघ."

कोण म्हणून ती विचारत नाही. तिकडे तिला रडू फुटतं. माझे डोळे कोरडेच आहेत, पण भूक लागलीय, कडकडून. मी मामलेदाराला मांडीवर घेते आणि खात राहते.