विहीणबाईंच्या पायाचा नंबर

पन्नाशीनंतर माणसाला नवीन काही शिकता येत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी एकदा आमच्या दुकानात आणून उभं करणार आहे. मी बावन्नाव्या वर्षी बूट विकायला शिकलो. त्याआधीची चोवीस वर्षं वसई पूर्वेच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो. कारखाना बंद पडला, जागेवर टॉवर उभे राहिले, आणि मी घरी बसून बायकोच्या आमटीत खोट काढू लागलो. चार महिने तिने सहन केलं. मग एक दिवस भाजी आणायला गेली ती बातमी घेऊनच आली. मोठ्या दुकानात माणसं घेतायत, वयाची अट नाही, आणि उद्याच जायचं.

हे मोठं दुकान म्हणजे देशभर शाखा असलेलं. खाली डाळ-तांदूळ, साबण, भाजी. वर कपडे, भांडी आणि एका कोपऱ्यात बूट-चपला. एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या बिल्डिंगपासून चालत बारा मिनिटं. मॅनेजर माझ्या मुलीहून फार तर दोन-तीन वर्षांनी मोठी. तिने विचारलं, "काका, दिवसभर उभं राहायला जमेल?" मी म्हणालो, "कारखान्यात मी काही झोपाळ्यावर बसून नव्हतो." ती हसली आणि तिने मला बुटांच्या विभागात टाकलं. तिथे जायला कोणीच तयार नसतं, हे मला नंतर कळलं. वाकावं लागतं, मोज्यांचे वास सोसावे लागतात, आणि लोक दहा खोकी उघडून एकही न घेता निघून जातात.

हिरवा टी-शर्ट मिळाला. तो घालून आरशात पाहिलं तर शाळेच्या सहलीला निघाल्यासारखा दिसत होतो. दुकान उघडायच्या आधी रोज आम्ही सगळे गोल करून उभे राहतो, मॅनेजर कालचं टार्गेट सांगते, आजचं सांगते आणि आम्ही टाळ्या वाजवतो. टार्गेट चुकलं तरी टाळ्या. त्या कशासाठी ते मला आजवर कळलेलं नाही, पण सकाळी सकाळी वाजवायला बरं वाटतं.

आमच्या विभागाचं एक वैभव आहे. अख्ख्या दुकानात बसायची मुभा फक्त तिथे. गिऱ्हाइकासाठी एक लांब बाक आणि त्याच्या पायाशी बसायला आमच्यासाठी एक बुटकं स्टूल. बाकी सगळा स्टाफ आठ-नऊ तास उभा. त्यामुळे डाळीवाली, काउंटरवाली, भांडीवाली, सगळ्यांनाच दुपारी अचानक चपला बघायच्या असतात. मी कोणाला हाकलत नाही. उलट एक चप्पल हातात धरून समोर उभा राहतो, म्हणजे कॅमेऱ्यात कामच दिसतं.

आणि मला ते काम आवडायला लागलं, हे कबूल करतो. कारखान्यात मी माप घेत असे ते लोखंडाचं. लोखंड तक्रार करत नाही. पाय बोलतात. मी स्टोअररूममध्ये धूळ खात पडलेली पाय मोजायची पट्टी शोधून काढली आणि प्रत्येकाचा पाय मोजू लागलो. उभं करून, दोन्ही. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्याहून जरा मोठा असतो आणि बहुतेकांना ते ठाऊक नसतं. अर्नाळ्याच्या मासे विकणाऱ्या मावशी येतात, त्यांचे पाय पुढून पंख्यासारखे रुंद. त्यांचा एकच प्रश्न, "पानी लागलं तं चालंल ना?" गिऱ्हाईक उठून दोन पावलं चालतं, थांबतं, आणि चेहरा सैल पडतो, तो क्षण मला फार आवडतो. त्यासाठी मी दहा खोकी पुन्हा रचायला तयार असतो.

इतकं सगळं आवडत होतं, तरी एका घरी मी ते लपवलं होतं.

मुलीचं लग्न ठरलं विरारच्या मुलाशी. तिचा बायोडाटा आम्ही कारखाना चालू असतानाच छापून घेतला होता. वडील: खाजगी कंपनीत सुपरवायझर. मी बायकोला म्हटलं, हे बदलायला हवं. ती म्हणाली, "दुकान काय सरकारी आहे? तीही कंपनीच की." मी वाद घातला नाही. वाद घातला नाही असं म्हणतो, पण खरं म्हणजे मलाही ते सोयीचं वाटलं. लोकांच्या पायाशी बसण्याची मला कधी लाज वाटली नव्हती. ती लाज पहिल्यांदा वाटली ती त्या बायोडाट्यापुढे.

त्यात मुलाच्या आई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. अख्खं विरार त्यांना बाई म्हणतं, घरातलेसुद्धा जरा दबकूनच असतात. बघण्याच्या कार्यक्रमाला ती मंडळी आमच्याकडे आली, तेव्हा सगळे मुलाकडे बघत होते आणि मी दारातल्या चपलांकडे. सवयीचा गुलाम. बाईंच्या उजव्या चपलेला अंगठ्याच्या बाजूने ब्लेडने चीर पाडलेली होती. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं असलं की लोक असं करतात. चहा देताना मी त्यांच्या पायाकडे एकदा चोरून पाहिलंही.

लग्नाला महिना राहिला असेल. दुपारची वेळ. मी मांडणीच्या मागच्या बाजूला खोकी लावत होतो. खालच्या फटीतून पलीकडच्या बाकाजवळ एक चप्पल दिसली, अंगठ्यापाशी चीर पाडलेली. बाईंचीच. स्टोअररूमचं दार चार पावलांवर होतं. मी दोन पावलं टाकलीही. आत जाऊन दार लावलं असतं, अर्धा तास बसलो असतो, की प्रकरण मिटलं असतं.

तेवढ्यात विभागात माझ्यासोबत काम करणाऱ्या जोडीदारणीचा आवाज आला. नालासोपाऱ्याहून येते, दोन मुलांची आई, कामाला वाघीण, पण टार्गेटच्या मागे लागलेली. ती म्हणत होती, "मॅडम, थोडा टाइट वाटतोय ना, पण यूज करून लूज होऊन जाईल."

या धंद्यातलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त चीड आणतं. बूट सैल होतो, हाड होत नाही. मला राग आला की पुढचामागचा विचार राहत नाही. बायको हाच माझा मोठा दोष मानते. मी तडक बाहेर आलो, स्टूल ओढलं, बसलो आणि म्हणालो, "काढा तो. आधी काढा." पाय हातात घेऊन तो सोनेरी पट्ट्यांचा सँडल उतरवलाही. अंगठ्याचं हाड लालबुंद झालं होतं. मग मी वर बघितलं.

"तुम्ही?" बाई म्हणाल्या.

छातीवर माझं नाव ठळक अक्षरांत लिहिलेलं, त्यामुळे जुळा भाऊ वगैरे सांगायची सोय नव्हती.

"हो, मीच."

"आणि कंपनी?"

"दीड वर्षापूर्वी बंद पडली. बायोडाटा जुना आहे. बदलायला हवा होता, नाही बदलला. चूक माझी."

त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. बाकावर बसलेल्या असूनही फळ्यापुढे उभ्या असल्यासारख्या वाटत होत्या. माझी जोडीदारीण एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

"खोटं मला चालत नाही," बाई म्हणाल्या. "मग आता खरं सांगा. हा मला होईल?"

"नाही होणार. हाच काय, इथला लेडीजचा एकही जोड तुम्हाला होणार नाही. सगळे पुढून निमुळते असतात."

"विरारला तीन दुकानं पालथी घातली. सगळे म्हणाले, होईल सैल."

"किती वर्षं दुखतोय?"

"वीस तरी." त्यांचा आवाज जरा खाली आला. "वर्गात खुर्चीवर बसून शिकवायची सवय नव्हती मला."

मी पट्टी आणली. त्यांना उभं करून दोन्ही पाय मोजले. म्हणालो, "बाई, रागावणार नसाल तर पुरुषांचे बघूया."

"काका!" जोडीदारीण किंचाळायचीच बाकी होती.

बाईंनी पाय पुढे केला. मी पुरुषांच्या मांडणीतून सात नंबरचा तपकिरी, मऊ, रुंद, बिनलेसचा जोड काढला आणि त्यांच्या पायात चढवला. त्या उठल्या. आरशापर्यंत गेल्या. तिथून कपड्यांकडे वळल्या, मग भांड्यांकडे, आणि दिसेनाशा झाल्या. पाचेक मिनिटांनी सगळ्या मजल्याला फेरी मारून परत आल्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. "वीस वर्षं कुणीतरी पाय आवळून धरला होता, तो आज सोडला," त्या म्हणाल्या.

मला इतका आनंद झाला की मी क्षणभर विसरूनच गेलो, समोर कोण आहे ते. त्यांनीच आठवण करून दिली. खोकं हातात घेऊन निघताना थांबल्या आणि म्हणाल्या, "लग्नाचं मी घरी बोलते."

त्या रात्रीचं जेवण कसं झालं ते न लिहिलेलं बरं. बायको म्हणाली, "सहा महिने मी सगळं सांभाळलं आणि तुम्ही एका बुटापायी वाटोळं केलंत." मुलगी म्हणाली की मुलाला तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "पण तो म्हणाला, आईला इतक्यात सांगायला नको. आई खोटं सहन करत नाही." म्हणजे लग्न राहणार की मोडणार, हे आता एकट्या बाईंच्या हातात होतं. मुलीने माझ्यावर राग धरला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

दहा दिवस विरारहून फोन नाही. मी दुकानात पाय मोजायचो आणि दर तासाला मोबाइल बघायचो. अकराव्या दिवशी बाईंचा फोन आला. मानपानाच्या साड्या किती, पंगतीला गोड काय, हॉल किती वाजता उघडणार. दुकानाबद्दल चकार शब्द नाही. बायकोने देवापुढे साखर ठेवली आणि विषय संपला असं जाहीर केलं. मला मात्र तो संपलेला वाटेना. बाईंनी घरी सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर ते लोक माझ्याकडे कसे बघणार? नसेल सांगितलं, तर माझ्या खोट्यात आता त्याही भागीदार, आणि तेही माझ्यामुळे.

लग्न छान लागलं. मुलगी सुंदर दिसत होती, हे बापाने सांगायचं नसतं, तरी सांगतो. अक्षता झाल्या, जेवणं सुरू झाली, आणि वडीलधारी मंडळी खुर्च्यांवर विसावली. बाईंचे थोरले दीर मधोमध बसले होते. ते आले की त्यांच्याकडची सगळी उठून उभी राहतात, असे गृहस्थ. त्यांनी मला हाक मारली.

"या व्याही, बसा. तुम्ही कोणत्या कंपनीत म्हणालात?"

म्हणजे त्यांना ठाऊक नव्हतं. आजूबाजूचे दहा-बारा चेहरे माझ्याकडे वळले. बायकोने मागून माझी बाही धरली. बाई दिरांच्या खुर्चीशेजारी पैठणीत उभ्या होत्या. त्यांना सहज उत्तर देता आलं असतं, विषय बदलता आला असता. त्यांनी दोन्ही केलं नाही. चष्म्यावरून माझ्याकडे बघत नुसत्या थांबून राहिल्या. तेव्हा मला उमगलं. लग्न त्यांनी सांभाळलं होतं, पण खरं सांगायचं काम माझं होतं, आणि ते त्यांनी माझ्यासाठी ठेवलं होतं.

"कंपनी बंद पडली," मी म्हणालो. "आता वसईच्या मोठ्या दुकानात बूट-चपला विकतो."

"विकता?"

"हो. पायात घालूनही देतो."

बायकोच्या हातातली माझी बाही अजून ताणलेली. मग बाईंनी पैठणीच्या निऱ्या चिमटीत धरून वीतभर वर उचलल्या. खाली सात नंबरचे तपकिरी बूट.

"सकाळी सहापासून उभी आहे," त्या दिरांना म्हणाल्या. "एकदा तरी बसलेली दिसले का तुम्हाला? यांनी दिले. पुरुषांचे आहेत."

मागच्या बायका फिसकन हसल्या. बायकोने बाही सोडली. मी बाईंकडे बघितलं, पण त्यांनी निऱ्या सोडून केव्हाच जिलेबीवाल्याला हाक मारली होती.

थोरल्या दिरांनी एकदा स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग त्यांनी हळूच कोल्हापुरीतून पाय बाहेर काढला.

"माझी टाच दुखते हो सकाळी उठलं की," ते हलक्या आवाजात म्हणाले. "काही होईल?"

"बघू ना. आधी मोजावा लागेल," मी म्हणालो. "मंगळवारी माझी सुट्टी, तो सोडून कधीही या. मी दुकानातच असतो."