काळूरामचं भाषण

टोकावड्याचे काळूराम गायकवाड बोलायला लागले की ‘ते आपलं हे’ म्हणत आणि बहुतेकदा तिथंच थांबत. ‘हे’ म्हणजे चहा, विळा की चुकलेली एसटी, ते त्यांच्या बायकोला, शालनला, बरोबर कळायचं. पुढचं तीच बोलायची.

विहारात लेकीचं, पौर्णिमाचं, लग्न लागलं. पाठवणीला काळूरामनी जावयाचा हात धरला. "प्रशांतराव, ते... आपलं हे..."

प्रशांतने सासूकडे पाहिलं.

"आज मी नाय सांगणार," शालन नवऱ्याला म्हणाली. "लेक तुमचीबी हाय. बोला."

काळूरामनी पौर्णिमाकडे पाहिलं. "हिचा भात करपतो," ते एका दमात म्हणाले. "तरी... गोड मानून खात जा."

रडणारी पौर्णिमा ओरडली, "बाबा! सगळ्यांसमोर?"

सगळा मांडव हसला. काळूराम मात्र मोठं भाषण ठोकल्यासारखे छाती काढून उभे होते.