मास्तरांची कवळी

गल्लीत त्यांना सगळे दातवाल्या बाई म्हणत. त्या दातांच्या डॉक्टर नव्हेत. डॉक्टर दात काढतात, बाई दात करत. दवाखान्याच्या मागे, जिन्याखालच्या लांबट खोलीत त्यांचं काम चाले. भिंतीला लागून एक बाक, बाकावर मेण वितळवायचा दिवा, दोन-तीन चाकू, पॉलिशचं फिरतं चाक, आणि वर फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. ते बिनचेहऱ्याचे जबडे दिवसभर बाईंकडे बघून हसत असत. एकदा तोंडाचं माप हातात आलं की बाई त्या माणसाचं नाव विसरत, पण टाळू विसरत नसत.

घरी त्यांना एक नाद होता आणि तो लेकीने लावला होता: व्हिडिओ गेम. चाळीशी कधीच ओलांडलेली ही बाई संध्याकाळी हात धुऊन, चष्मा पुसून, पदर खोचून टीव्हीसमोर बसायची आणि हातात रिमोट घेऊन एका परमुलुखात भटकायची. खेळ साधा होता. एक वाटसरू गावोगाव फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्यापुढे दोन वाटा येतात, एक सरळ आणि एक वाकडी. त्याच्यामागे एक बेवारस कुत्रं चालतं. वाटसरू चांगला वागला तर कुत्रं पायाला अंग घासत चालतं. वाईट वागला तर ते मागे पडत जातं.

बाई खेळातही पापभीरू होत्या. कुणाच्या घरातली पेटी उघडायची तर आधी घरमालक कुठे आहे ते शोधणार. चोर हात जोडून उभा राहिला की त्याला सोडणार, आणि तोच चोर पुढच्या वळणावर पाठीत सुरा खुपसायचा. लेकीची हसून हसून मुरकुंडी वळायची.

लेक स्वतः वाकड्या वाटेची. गिरण्या पेटवायची, राजाला विहिरीत ढकलायची, आणि घरात पाल निघाली तर तिला कागदावर अलगद घेऊन बाहेर सोडून यायची.

"आई, ती माणसं नाहीत गं. चित्रं आहेत," ती म्हणायची.

"चित्रं असतील. पण बटण दाबणारा अंगठा तर माझाच आहे ना?"

यावर दोघींचं कधी एकमत झालं नाही. बाईंचं कुत्रं मात्र सदा पायाशी असे.

एके दिवशी डॉक्टरीणबाई ओल्या फडक्यात गुंडाळलेलं माप घेऊन स्वतःच मागे आल्या. "म्हातारे गृहस्थ आहेत. वरचे-खालचे सगळे दात गेलेत. तुमच्याच लाइनीतले होते म्हणे, पण आता हात थरथरतात. जरा चांगली करा."

बाईंनी मापात प्लास्टर ओतलं, सुकू दिलं आणि साचा उलटा करून हातात घेतला. टाळूच्या मधोमध हाडाचा उंचवटा होता आणि पुढे जाऊन तो डावीकडे झुकला होता. बाईंनी त्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग साचा बाकावर ठेवला आणि दार लावून घेतलं.

हा उंचवटा त्यांच्या ओळखीचा होता. तरुणपणी त्या मोठ्या लॅबमध्ये शिकायला लागल्या, तेव्हा तिथला रिवाज असा होता की शिकाऊ पोरांनी पहिलं माप मास्तरांच्याच तोंडाचं घ्यायचं. मास्तर आ वासून खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "हा घाट ज्याला नीट उतरवता आला, त्याला कुठलंही तोंड जमेल." बाईंना तो पहिल्याच खेपेला जमला होता. मास्तरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. मास्तर म्हणजे बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त, बाबांनीच तर पोरीला त्यांच्या हाताखाली घातलं होतं.

आणि याच मास्तरांनी तिला मातीत घातलं. एकदा घाईघाईत त्यांनी दोन साच्यांचे नावाचे बिल्ले उलटे लावले. एकाची वरची कवळी दुसऱ्याच्या खालच्या कवळीबरोबर गेली. नशीब असं, की त्यातली एक कवळी खुद्द लॅबच्या मालकाच्या सासूबाईंची. चार पाहुण्यांत बसल्या असताना त्यांचं तोंड उघडं राहिलं ते मिटेना. मालक लॅबमध्ये येऊन कडाडला. "कुणी लावले बिल्ले?" मास्तर हातातल्या मेणावरची नजर न उचलता म्हणाले, "पोरीने."

तिने डोळ्यांनी पाहिलं होतं त्यांना बिल्ले लावताना. तोंड उघडलं, पण ऐकतो कोण? काम गेलं ते गेलं, वर नाव पडलं: अदलाबदल बाई. धंदा एवढासा. ज्या लॅबच्या दारात जावं तिथे आधी हसू ऐकू यायचं. बरीच वर्षं तिने मोज्यांच्या कारखान्यात मोजे जोडीने बांधले. ती बांधतानाही कुणीतरी म्हणायचंच, "बघ हं, अदलाबदल करशील."

तेही तिने गिळलं. गिळता आलं नाही ते बाबांचं. "मास्तर खोटं कशाला बोलेल? तुझंच लक्ष नसेल," बाबा म्हणाले, आणि मरेपर्यंत त्यावरून हलले नाहीत. शेवटच्या आजारात तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "कामात लक्ष देत जा." हेच त्यांचं तिला शेवटचं सांगणं.

पुढे डॉक्टरीणबाईंनी जुनं काही न विचारता जिन्याखालचा बाक दिला, आणि आता त्याच माणसाचं तोंड बाईंच्या त्या बाकावर होतं. देव आहे, असं बाईंना कितीतरी वर्षांनी वाटलं.

त्या संध्याकाळी त्यांनी खेळ नव्याने सुरू केला आणि पहिल्याच गावात वाकडी वाट धरली. तिथे एक म्हातारा लोहार आहे, वाटसरूला तलवार धरायला शिकवणारा. सरळ वाटेवर त्याच्या पाया पडून पुढे जायचं असतं. बाईंनी तलवार उपसली. म्हातारा गुडघ्यांवर बसला, हात जोडले आणि म्हणाला, "चूक माझी होती. मला माफ कर."

बाईंनी रिमोट खाली ठेवला, आत जाऊन घटाघटा पाणी प्यायलं, परत आल्या. पडद्यावर दोन बटणं दिसत होती: माफी आणि वार. बाईंनी वार केला. मग सेव्ह केलेल्या जागेवरून खेळ परत लावला. तलवार उपसली. "चूक माझी होती. मला माफ कर." वार. परत.

हे रोज चालू झालं. कुत्रं आधी चार पावलं मागे गेलं, मग रस्त्यापलीकडे, आणि शेवटी गावाच्या वेशीवर जाऊन बसलं.

लेकीने काही दिवस नुसतं बघितलं. मग एकदा तिने सरळ टीव्हीपुढे येऊन विचारलं, "आई, हे काय चाललंय?"

"का? चित्रच आहे ना ते?"

"चित्र आहे. पण मी मारते ती पुढे गोष्टीत काय होतं ते बघायला. तू पुढे जातच नाहीस. तू कुणाला मारतेयस?"

बाईंनी सांगितलं. बाबांचे शेवटचे शब्दसुद्धा सांगितले. लेक जवळ बसली आणि म्हणाली, "मग काढ सगळी वाफ इथेच. तिकडे कामात नको काही."

बाईंनाही आधी तसंच वाटलं होतं, की इथे मारून मारून राग संपेल. पण राग म्हणजे काय भांड्यातलं पाणी आहे, ओतलं की संपायला? उलट हाताला सवय लागली. दुसऱ्या दिवशी बाकाशी बसून मेणात दात बसवताना हात आपोआप वाकड्या वाटेकडे वळला.

कवळीत खोट ठेवायची तर मूर्ख माणूस दात उंच ठेवतो. ते लगेच पकडलं जातं. बाईंनी सरळ चावा चोख ठेवला. फक्त डावीकडची एक दाढ अशी कलती केली की जबडा बाजूला सरकला की ती अडावी आणि कवळी किंचित उचलली जावी. खुर्चीत बसून तोंड मिटलं की सगळं छान. घरी जाऊन घास चावायला लागलं की हिरडी घासणार. मग फोड, मग जखम. एक घास सुखाचा मिळणार नाही. बाई गुणगुणत काम करत होत्या. बरी जिरेल म्हाताऱ्याची!

काम होत आलं तेव्हा त्यांनी दोन्ही जबडे लोखंडी बिजागरीत बसवले आणि बाजूला सरकवून बघितले. दाढ अडली. टक. बाई हसल्या. आणि हसता हसता त्यांना पुढचं दिसलं. म्हातारा तोंडातून कवळी काढतोय, उजेडात धरून फिरवतोय आणि विचारतोय, "कुणी केली ही? अच्छा, त्या अदलाबदल बाईने? मग बरोबर. मी तेव्हाच मालकाला सांगितलं होतं."

बाईंचे कान तापले. म्हणजे तेव्हाचं खोटं आज आपणच आपल्या हाताने खरं करून द्यायचं? आणि वर बाबा बरोबर ठरणार! ज्या माणसाने एकदा आपल्या हाताचं नाव घालवलं, त्याला उरलेलंही आपणच नेऊन द्यायचं? मेल्या, एवढी सोय नाही करणार तुझी.

त्यांनी दिवा पेटवला आणि सगळं मेण वितळवून टाकलं. कुणाचा गैरसमज नको: बाईंना दया-बिया काही आली नव्हती. त्यांनी दातओठ खातच नवं मेण घेतलं आणि आयुष्यातली सगळ्यात देखणी कवळी करायला बसल्या. सुळे थोडे झिजलेले, म्हाताऱ्याला शोभतील असे. हिरडीला खरी वाटेल अशी लाली. टाळूवरचा घाट केसभरही न चुकवता. आणि शेवटी मागच्या बाजूला, गुलाबी हिरडीच्या आत, मास्तरांच्या नावाची बारीक पट्टी घातली. बाईंच्या हातून गेलेल्या प्रत्येक कवळीत ज्याच्या-त्याच्या नावाची अशी पट्टी असे. का असे, ते सांगायला नको.

कवळी बसवायच्या दिवशी बाई कधी नव्हे त्या पुढे दवाखान्यात आल्या, तोंडाला मास्क लावून. खुर्चीत एक सुकलेला म्हातारा बसला होता. गाल आत गेलेले, हात मांडीवर थरथरत होते. डॉक्टरीणबाईंनी कवळी बसवली. म्हाताऱ्याने तोंड मिटलं. जबडा डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला. मग जीभ टाळूवरून फिरवली, आणि थांबला. कारागीर माणूस, त्याला कळलं.

"घाट नेमका उतरलाय," तो पुटपुटला. "कुणाचा हात आहे?"

बाईंनी मास्क खाली केला. "तुमच्याच हाताखालचा, मास्तर."

मास्तरांचा चेहरा पडला. बाई पुढे म्हणाल्या, "आत नाव घातलंय तुमचं. अदलाबदल व्हायला नको म्हणून."

डॉक्टरीणबाईंना काहीच माहीत नव्हतं. त्या कौतुकाने हसल्या आणि हातमोजे काढायला वळल्या.

"बोलून बघा," बाई म्हणाल्या. "नवी कवळी आहे. बोलल्याशिवाय कळत नाही."

"काय बोलू?"

"त्या दिवशी मालकासमोर बोलायचं राहिलं ते."

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. बाई दाराच्या आणि त्यांच्या मधे उभ्या होत्या. मग आवाज आला, "शूक माझी होती."

"नीट नाही आलं. पुन्हा."

"चु... चूक माझी होती."

"कुठली?"

"अहो, पहिल्या दिवशी थोडं अडखळायचंच," डॉक्टरीणबाई मागून म्हणाल्या. "होईल सवय."

"बिल्ले मी लावले होते," मास्तर म्हणाले. या वेळी शब्द अगदी स्वच्छ आले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तुझा बाप माझ्या घरी यायचा. रोज ठरवायचो, आज सांगेन. मग राहूनच गेलं. मला माफ कर, पोरी."

राहूनच गेलं! इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी बाई झुरल्या होत्या ते आज मिळालं होतं, त्यांनीच करून दिलेल्या दातांतून. पण ते ऐकायला बाबा नव्हते. बाबा तर चूक पोरीचीच समजून गेले होते.

समोर म्हातारा हात जोडून बसला होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सोमवारी या. तपासून घेऊ."

घरी आल्यावर त्यांनी लेकीला सगळं सांगितलं, अगदी त्या 'शूक'सकट. दोघी हसल्याही. मग लेक म्हणाली, "मग? माफी की वार?"

"सोमवारी बोलावलंय."

"का? टोचतेय का त्यांना?"

"छे! माझी कवळी टोचेल?"

"मग कशाला बोलावलंस?"

बाई टीव्हीकडे वळल्या. लेकीने त्यांच्याकडे नीट बघितलं. "आई," ती हळूच म्हणाली, "तू परत लावतेयस. सेव्ह केलेल्या जागेवरून."

"काहीतरीच बोलू नकोस." बाईंनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "अजून एकदा ऐकायचंय. बाबांच्या वतीने. एवढंच."

टीव्ही चालूच होता. लोहाराच्या दारात वाटसरू तलवार धरून उभा होता. लांब वेशीवर कुत्रं बसलं होतं, त्याच्याकडे पाठ करून.