कापसामागचं कपाट

मी मुलांसाठी गोष्टी लिहायची. पण मुकुटबनजवळच्या आमच्या गावात मला लेखिका मानणारं एकच माणूस होतं. ते अकरा वर्षांचं होतं, आणि दर रविवारी बंजाऱ्यांच्या तांड्यावरून नाला ओलांडून आमच्या समोरच्या खोलीत यायचं. तिथं माझं पुस्तकांचं कपाट होतं. घरी गोरबोली बोलणारी ती पोरगी माझी मराठी गोष्ट कान देऊन ऐकायची. छापायला धाडण्याआधी प्रत्येक गोष्ट मी तिला वाचून दाखवायची. ती जांभई देईल तिथं कात्री लावायची. शहरातल्या संपादकांपेक्षा मला तिच्या जांभईचा धाक जास्त.

त्या साली कापसाला भाव नव्हता. थोडं थांबू म्हणून नवऱ्यानं समोरची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरली. कपाट मागं गडप झालं. मी खूप चिडले, पण कापूस वेचायला मीही होतेच.

पोरगी दारात उभी राहून म्हणाली, "काकू, पुस्तकं काहून गाडली?"

"कापूस गेला की उघडू," मी म्हटलं.

कापूस गेलाच नाही. होळीनंतर कोरोना आला; खरेदी बंद पडली, शाळाही बंद पडल्या. घरातल्या कापसानं सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली. खाजवत खाजवत मी चुलीजवळ बसून तिच्यासाठी एक लांबलचक गोष्ट लिहिली. शेवट काही जमेना. म्हटलं, ती ऐकेल तेव्हा कळेल. तिकडे तिच्या बापानं ऑनलाइन शाळेसाठी मोबाइल आणला.

पावसाच्या तोंडावर मिळेल त्या भावात कापूस गेला. कपाटाच्या खालच्या दोन खणांत उंदरांनी संसार थाटला होता. उरलेली पुस्तकं मी उन्हात ठेवली, झटकली, पुन्हा लावली. आणि रविवारी ती खरंच आली! मला इतका आनंद झाला की चुलीवरचा चहा उतू गेला. ती मात्र पायरीवरच बसली.

"आत ये ना."

"इथंच रेंज भेटते, काकू. तांड्यावर नाही भेटत."

मोबाइलमध्ये एक मांजर हिंदीत गात होतं. मी एक पुस्तक पुढं केलं.

"ते वाचा लागते," ती लाजत म्हणाली. "हे आपोआप चालते."

ती उद्धट नव्हती, म्हणूनच जास्त लागलं. पण माझीही खोड जात नाही. तिच्या शेजारी बसून मी नवी गोष्ट मोठ्यानं वाचायला घेतली. पहिलं पान झालं, दुसरं झालं. जांभई नाही! मी मनात हुरळून गेले. तिसऱ्या पानावर तिनं माझ्या हातावर हळूच हात ठेवला.

"काकू, मनातल्या मनात वाचा ना. मले याचं ऐकू नाही येऊन राह्यलं."

उरलेली पानं मी मनातल्या मनात वाचली. शेवटाशी आले तेव्हा मलाच जांभई आली. त्यानंतर मी गोष्ट लिहिलेली नाही.