दोघांनाच ठाऊक असलेला आकडा

कुणाच्या घरी साखरपुडा ठरल्याचं कानावर आलं की दादांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जायचा. खिशातून रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा निघायचा. त्यात केटररचं कार्ड असायचं, फुलवाल्याचं, साऊंडवाल्याचं, माझं. त्यांचं स्वतःचं नसायचं. "माझं कशाला? मी तर समोर उभा हाय," म्हणायचे.

दादांचा मंडपाचा धंदा होता. कोपरला खाडीच्या बाजूला त्यांचं गाव. चारी बाजूंनी इमारती उठल्यामुळे आता ते गाव आहे हे नवख्याला कळतही नाही. भातशेती आणि मिठागरं केलेल्या घरातला माणूस. घरामागच्या मोकळ्या जागेत लोखंडी खांब, खुर्च्यांचे ढीग आणि ताडपत्रीखाली झाकलेलं कापड. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याला शंभर पावलं चालायला अर्धा तास लागतो, कारण वाटेतलं प्रत्येक घर त्याला थांबवतं. दादा तसे होते.

मी डोंबिवलीतली, नोकरदार घरातली. आठ वर्षं एका सी.ए.च्या ऑफिसात हिशेब लिहिले आणि मग नोकरी सोडून फोटो स्टुडिओ काढला. पहिले पाच महिने पासपोर्ट फोटोंवर गेले. दादाही त्यासाठीच आलेले. भिंतीवरचे फोटो बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हलदीचं फोटो काढशील काय गो?"

हळद म्हणजे आमच्याकडे घरातल्या घरात उरकायचा विधी. दादांच्या भाचीच्या हळदीला अख्खं गाव जमलेलं. कॅमेरा घेतलेली बाई बघून काही पोरं हसायला लागली, मुद्दाम आडवी येऊ लागली. दादा स्टेजवर चढले, माइक हातात घेतला आणि एवढंच म्हणाले, "ही आपली पोरगी हाय. हिला वाट द्या." त्या एका वाक्यावर मला पुढची तीन वर्षं कामं मिळत गेली. कोपर, कोलशेत, शहाड, कुठेही गेले तरी लोक विचारायचे, "दादांची ती फोटोवाली का?"

एकदा मी कमिशन म्हणून पाकीट पुढे केलं, तर चहा अर्धा टाकून उठले. पुढे चार दिवस फोन नाही. मग स्वतःच आले आणि मला समजावलं, "मानूस जोडायचा. पैसा मागशी येल."

पण त्यांच्याकडे पैसा काही मागाहून येत नव्हता, हे मला दिसत होतं. एवढी कामं, एवढ्या ओळखी, आणि खुर्च्या बदलायच्या तर वहिनींची पाटली गहाण. दादा भाव सांगायचे तो समोरच्याचा चेहरा बघून. मुलीचा बाप जरा ओढगस्तीतला वाटला की आकडा तिथल्या तिथे खाली यायचा.

एके दिवशी मी त्यांना स्टुडिओत बसवलं. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर एका मंडपाचा खर्च मांडायला घेतला. टेम्पोच्या फेऱ्या, कापडाची धुलाई, मोडणाऱ्या खुर्च्या, मंडप बांधायला येणाऱ्या पुतण्यांची मजुरी. पुतण्यांचे पैसे धरायचे म्हटल्यावर ते हसले. मग मी घरामागच्या जागेचं भाडं लिहिलं.

"ती जागा तं बापाची हाय."

मी विचारलं, दुसऱ्या कुणाला दिली तर तो काय देईल? दादांनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि तो आकडा स्वतः पुन्हा लिहिला.

त्यानंतर दर मंगळवारी ते यायचे. चष्मा नाकावर ओढून, शाळेतल्यासारखे. महिनाभराने आम्ही एका आकड्यावर येऊन थांबलो. त्याच्या खाली मंडप बांधला तर पदरचे पैसे घालावे लागणार. पत्रिका त्यांनी घडी करून नेली. मी फोनमध्ये फोटो काढून ठेवला. पुढच्या सीझनला दादांनी पहिल्यांदाच भाव वाढवला, आणि चेहरे न बघता सांगायला शिकले. वहिनींची पाटली सुटली. त्या दिवशी त्यांनी माझ्या घरी ताज्या कोळंबीचा डबा पाठवला.

मग ठाण्याला कोलशेतच्या बाजूला एक मोठा हॉल उघडला. मॅनेजरला सगळं एकत्र हवं होतं. जेवण, फुलं, साऊंड, फोटो, मंडप, एकच पॅकेज, ठरलेली रक्कम, वर्षाचा करार. कल्याणच्या केटररने पुढाकार घेतला. त्यालाही गावातली पहिली ऑर्डर दादांनीच मिळवून दिलेली. मी, फुलवाला आणि साऊंडवाला त्याच्या ऑफिसात बसलो होतो. दादांना अजून बोलावलं नव्हतं. बेरीज मॅनेजरच्या रकमेच्या वर जात होती.

केटररने मला सहज विचारलं, "दादांना खरा खर्च किती येतो गं? तुलाच माहीत असणार."

मी सांगितला. फोन काढून, फोटो मोठा करून, शेवटच्या रुपयापर्यंत सांगितला. वाटलं, त्यावर थोडा नफा धरून तो दादांना भाव देईल. असं वाटलं असं मी आज सांगते. त्या क्षणी खरं तर काहीच वाटलं नव्हतं. मला आकडे माहीत आहेत, याचं कौतुक तेवढं वाटलेलं.

तिसऱ्या दिवशी दादा स्टुडिओत आले. मंगळवार नव्हता. बसले नाहीत.

"त्या केटररचा फोन आलेला," ते म्हणाले. "ह्या भावात करता का, नायतर शहाडचा मंडपवाला तयार हाय, असा बोलला. आकडा सांगला. रुपया इकडं नाय, तिकडं नाय."

मी टेबलावरचा फोन उलटा ठेवला.

"यो आकडा दोघांनाच ठाऊक. माझी बायको पन नाय जानत. मी कुनाला सांगला नाय."

मी घाईघाईने म्हटलं की काम तुम्हालाच मिळावं म्हणूनच मी सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. राग असता तर बरं झालं असतं. ते मला काहीतरी समजावून सांगावं तसं बोलले.

"तू शिकवलं नसतंस ना, तं मी हसत हो बोललो असतो. आता मना कलतं का त्यात माझं कायच उरत नाय. आन मागनाऱ्यालाबी ते ठाऊक हाय. ठाऊक असून मागतो."

एवढं बोलून ते गेले. जाताना दार हळू लावलं.

तुम्ही विचाराल, मग मी काय केलं. पुढच्या आठवड्यात करारावर सही केली. दादांच्या जागी शहाडचा मंडपवाला बसलेला. स्टुडिओचं भाडं थकलं होतं, नवीन लेन्सचे हप्ते चालू होते. बरेच दिवस मी स्वतःला सांगत राहिले की केटररने मला फसवलं. फसवलंच होतं. पण सही करताना माझा हात कुणी धरला नव्हता.

आमचं चांगलं चाललं, हेही सांगायला हवं. मी आणखी दोन माणसं ठेवली. फक्त गावांतली कामं आटली. मला वाटलं, दादा आमच्याबद्दल वाईट बोलत असतील. एका हळदीच्या घरी धीर करून विचारलं, तर यजमान म्हणाले की ते कुणाविरुद्ध एक शब्द काढत नाहीत. तुमचं नाव निघालं की विषय बदलतात, एवढंच.

लग्नं हॉलकडे वळत गेली तरी दादांनी दोन सीझन रेटले. मग खांब विकले, खुर्च्या विकल्या आणि घरामागची जागा गाड्या लावायला भाड्याने दिली. त्यातून महिन्याला किती येऊ शकतं, हे त्यांना मीच लिहून दाखवलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी मी त्यांच्या घरी गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. वहिनी दारात आल्या. मला बघून त्यांनी पदर सारखा केला, आत घेतलं, पाणी दिलं. आईची तब्येत विचारली.

"हे नाय घरी," त्या म्हणाल्या. "शहाडला गेलेत, बहिनीकडं."

उंबऱ्यापाशी दादांच्या चपला होत्या. उजव्या अंगठ्याला शिवण घातलेल्या, मी ओळखत होते. वहिनींनी मी तिकडे बघितलेलं बघितलं. त्या चहा ठेवायला गेल्या.

मी चहा हळूहळू प्यायले. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि पंख्याचा आवाज येत होता. वहिनी समोर जमिनीवर बसून होत्या. चहा संपला तरी मी कप हातात धरून ठेवला. मग वहिनींनी हात पुढे केला, आणि मी कप दिला.