मोकळी सोडलेली चित्रं

शाळेच्या पुस्तकांत चित्रं काढून पोट भरणाऱ्या त्या बाईला छापखान्यापासून प्रकाशकाच्या कचेरीपर्यंत सगळे रेघताई म्हणत. पेन एकदा कागदावर टेकलं की बैल असो, बादली असो, हात न उचलता एका रेघेत ती उभी करायची. त्या रेघेचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे. छापताना कुणी रेघ जाड केली तरी दोन दिवस तिचं तोंड फुगलेलं असायचं.

तिचे वडील, अण्णा, केस कापायचे. दोन खुर्च्यांचं दुकान, समोर मोठा आरसा, आणि कात्रीपेक्षा जास्त चालणारी जीभ. ज्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलं नव्हतं तेसुद्धा अण्णांच्या खुर्चीत बसायला यायचे. अशा एखाद्याच्या टकलाकडे अण्णा गंभीरपणे बघत राहायचे आणि म्हणायचे, "दोन्ही बाजूंचं भांडण झालेलं दिसतंय. मधे बरीच जागा सोडलीय." आणि आरशात स्वतःच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू द्यायचे नाहीत.

एके दिवशी दुपारी, एका गिऱ्हाइकाचे केस अर्धे कापून झालेले असताना, अण्णांच्या हातातून कात्री पडली. ती उचलायला म्हणून ते वाकले आणि तिथेच कलंडले. त्या गिऱ्हाइकानंच गळ्यातल्या फडक्यासकट त्यांना गाडीत घालून दवाखान्यात पोचवलं. अण्णा वाचले. उजवा हात लुळा झाला, तोंड जरा वाकडं झालं, आणि सगळे शब्द गेले. राहिला एकच, "बरोबर".

"अण्णा, दुखतंय का?"

"बरोबर."

"मग गोळी देऊ?"

"बरोबर."

"की नको?"

"बरोबर," असं म्हणून अण्णा रागानं चादर फेकायचे, कारण त्यांना म्हणायचं असायचं भलतंच. आतमध्ये सगळं शाबूत होतं, पण दाराला बाहेरून कडी लागली होती.

बोलणं परत शिकवणाऱ्या एक बाई दवाखान्यात होत्या. त्यांनी बोट ठेवून दाखवायची चित्रं दिली. पण ती चित्रं नकलेच्या नकलेची नक्कल. त्यातली उशी पावासारखी दिसायची आणि संडास खुर्चीसारखा. अण्णांनी डाव्या हातानं तो गठ्ठा पलंगाखाली लोटून दिला. रेघताईनं पुठ्ठे घेतले आणि पलंगाशी बसून चित्रं काढायला लागली. अण्णांचा पेला, अण्णांची उशी, पोट धरून बसलेला माणूस, थंडीनं आखडलेला माणूस. शाई वाळायच्या आत अण्णांनी उशीवर बोट ठेवलं. उशी दिली. ते मागे टेकले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरणारी आई तेव्हा उठून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

"माझ्याकडच्या बाकीच्यांसाठी याच्या नकला काढू?" बाईंनी विचारलं.

"काढा की, त्यात विचारायचं काय!" रेघताई म्हणाली.

पुढं काही महिन्यांनी ती बाईंच्या खोलीत गेली, तर टेबलावर तिच्याच चित्रांच्या नकला पडल्या होत्या. पोट धरलेल्या माणसाला कुणीतरी बॉलपेननं मिशा काढल्या होत्या. वाकड्या. पाण्याच्या पेल्यात एक नळी खोचली होती, तीही तिरकी. रेघताईच्या डोक्यात सणक गेली.

"हे कुणी केलं? माझ्या रेघेवर रेघ?"

"माझ्याकडं येणाऱ्या एका ड्रायव्हरची बायको आहे, तिनं," बाई शांतपणे म्हणाल्या. "चित्रातला माणूस म्हणजे आपणच, हे काही केल्या त्याच्या ध्यानात येईना. त्याला मोठ्या मिशा आहेत. तिनं त्या काढल्या आणि त्यानं लगेच स्वतःचं पोट दाबून दाखवलं. दोन दिवस दुखत होतं बिचाऱ्याचं. आणि त्याला मान मागं करून पिता येत नाही, म्हणून नळी."

रेघताईनं मान डोलावली. घरी जाताना मात्र मिशा निदान सरळ काढायला काय झालं होतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

मग प्रकाशकांचं बोलावणं आलं. माणूस भला होता, वर्षानुवर्षं तिला काम देत आलेला. कुठूनशी ती चित्रं त्यांच्या पाहण्यात आली होती. "सगळा संच आमच्याकडे द्या," ते म्हणाले. "उत्तम कागदावर छापू. हक्क आमच्याकडे राहतील, म्हणजे कुणी उठसूट नकला काढणार नाही आणि तुमची चित्रं कुणी बिघडवणार नाही."

शेवटचं वाक्य तिला गोड लागलं. तरी तिनं विचारलं, "आणि कुणाला मिशा काढायच्या असल्या तर?"

"मिशा?"

"चित्रातल्या माणसाला."

प्रकाशकांनी चष्मा काढून पुसला. "आम्हाला लिहून विचारावं लागेल. आम्ही विचार करून कळवू."

तोवर त्या ड्रायव्हरनं पोट दाबून बसायचं का, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर बरा माणूस बसलेला, म्हणून ती चहा पिऊन आली.

बाईंना तिनं ही हकीकत सांगितली, तेव्हा बाईंनी खुल्या परवान्याची गोष्ट काढली. काही कलावंत आपली चित्रं इंटरनेटवर ठेवतात आणि परवानगी आधीच लिहून टाकतात. घ्या, वाटा, बदला, विचारायला येऊ नका. फक्त माझं नाव राहू द्या, आणि त्यातून तुम्ही जे कराल तेही असंच मोकळं ठेवा. "पण एकदा दिलंत की परत घेता येत नाही हं," बाईंनी बजावलं. "नीट विचार करा."

धाकटा भाऊ आता अण्णांचं दुकान चालवत होता. तो वैतागला. "ताई, ज्यांच्या कामावर तुझी चूल पेटते त्यांनाच नाही म्हणणार? आणि दुनियेला मिशा काढायला देणार?"

शेवटी ती अण्णांपाशी जाऊन बसली. "अण्णा, देऊन टाकू?"

"बरोबर."

"की ठेवून घेऊ?"

"बरोबर."

दोघंही हसली. म्हणजे आपलं आपल्यालाच ठरवायला हवं. चार दिवस तिनं काढले, आणि मग चित्रं मोकळी सोडली. परवान्याखाली स्वतःचं नाव लिहिलं.

प्रकाशक रागावले नाहीत, गार पडले. पुस्तकांचं काम आटलं. काही काळ तिनं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आणि चित्रांचं म्हणावं तर सगळीकडे सामसूम. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं.

बऱ्याच दिवसांनी बाईंचा फोन आला. "तुमच्या संचात कुणीतरी भर घातलीय. कोण, कुठले, मला ठाऊक नाही. येऊन बघा."

नवी चित्रं थोडीच होती. खिडकी लावा. आवाज कमी करा. आणि एक चेहरा, तिनंच काढलेल्या एका चेहऱ्यावरून गिरवलेला, रेघ थरथरलेली, एक डोळा मिटलेला, जिभेचं टोक बाहेर. खाली लिहिलं होतं, 'गंमत केली'.

रेघताई ते चित्र हातात धरून खाली बसली. तहान काढली, थंडी काढली, दुखणं सतरा तऱ्हांनी काढलं. पण अख्खी हयात थट्टेत घालवलेल्या आपल्या बापाला थट्टाही करायची असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते सुचलं कुणा परक्या माणसाला.

तिनं चित्र अण्णांपुढं ठेवलं. त्यांनी ते बराच वेळ न्याहाळलं आणि बाजूला सारलं. तिचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा अण्णांची दाढी करायला बसला. अर्धा गाल झाला असेल नसेल, अण्णांनी एकदम 'दुखतंय' या चित्रावर बोट ठेवलं.

"कापलं? कुठं?" धाकट्याच्या हातातला वस्तरा थांबला. "आई, लवकर ये! ताई!" सगळी धावली. कुणी गाल पुसतंय, कुणी कापूस शोधतंय. अण्णांनी सगळ्यांना नीट जमू दिलं. मग सावकाश डावा हात उशीखाली घातला, ते दुसरं चित्र काढलं आणि धाकट्याच्या नाकासमोर धरलं.

धाकटा फेसाचा ब्रश घेऊन मटकन खाली बसला. अण्णा अर्ध्या तोंडानं, अर्ध्या दाढीनं, सगळं अंग हलवून हसत होते. आई म्हणाली, "मेला माणूस सुधारायचा नाही," आणि पदरानं डोळे टिपत राहिली.

चित्र काढणाऱ्याचा पत्ता बाईंनी शोधून दिला. लांबच्या गावी शाळेची प्रयोगशाळा सांभाळणारे एक गृहस्थ होते. रेघताईनं फोन लावला आणि आभार मानायला सुरुवात केली, तर तेच तिचे आभार मानायला लागले. दोघंही एकदम बोलत होती आणि कुणाचंच कुणाला ऐकू येत नव्हतं.

"बायकोचं बोलणं गेलंय माझ्या," ते अखेर म्हणाले. "मी रांधलेलं पुढं ठेवलं, तर तिनं उलटीच्या चित्रावर बोट ठेवलं. मी डॉक्टरकडं पळालो! परत आलो तर ही ताट चाटूनपुसून बसलेली. तेव्हा म्हटलं, हिला हे चित्र हवंच."

"छान काढलंत."

"छान कसलं! जन्मात पेन्सिल धरली नव्हती, तुम्ही काढलेलाच चेहरा गिरवला. खरं सांगू का? परवानगी मागायची असती ना, तर मी मागितली नसती. एवढ्या मोठ्या चित्रकर्तीला कोण विचारणार, असं म्हणून गप्प बसलो असतो. तुम्ही आधीच लिहून ठेवलं होतंत, म्हणून धजलो."

"उपकार झाले तुमचे," रेघताई म्हणाली.

अण्णा आणखी काही वर्षं जगले आणि त्या काळात त्यांनी डॉक्टरांसकट कुणालाच सोडलं नाही. प्रकाशकांनीही पुढं तो संच छापला, परवान्यात लिहिलं होतं तसा, तिचं आणि त्या गृहस्थांचं नाव घालून. पहिली प्रत द्यायला ते स्वतः आले आणि जाताना पुस्तकाचं नवं काम ठेवून गेले.

अण्णांच्या माघारीही रेघताई बाईंच्या खोलीत जाते. कुणाला काही म्हणायचं असतं आणि त्याचं चित्र नसतं, ते काढून देते. सध्या एक निवृत्त पोस्टमन तिथं येतात. त्यांना म्हणायचंय 'कंटाळा आला', असा तिचा आणि बाईंचा अंदाज आहे. तीन चित्रं काढून झाली, तिन्हींवर त्यांनी नकाराची मान हलवली. उद्या ती पुन्हा जाणार आहे.